उतारवयातील सोबती : कुत्रा

वसंत ऋतूतील व्याख्यानमाला म्हटली की श्रोत्यांच्या मनात काही ठरीव विषय उभे राहतात. संतवाङ्मय, राज्यघटना, इतिहासातील एखादा वादाचा प्रसंग, कापसाचा भाव आणि शेतकऱ्याची दैना. त्या पंक्तीत आज कुत्र्याचे पान मांडलेले पाहून कोणाला हसू आले असेल, तर वक्त्याने रागावण्याजोगे त्यात काही नाही. परंतु विषय दिसतो तितका हलका नाही. वरवर तो कुत्र्याचा असला तरी खरा माणसाचा आहे. आणि माणसांतही अशाचा, ज्याची नोकरी संपली आहे, मुले परगावी गेली आहेत आणि ज्याच्या घरात दुपारी तीन वाजता भिंतीवरच्या घड्याळाखेरीज दुसरे काही बोलत नाही. अशा माणसाला एका मुक्या जनावराचा उपयोग होतो काय, होत असेल तर कोणत्या वाटेने, आणि त्याची किंमत काय पडते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

कुत्र्याच्या बाबतीत आपली भाषा फारशी उदार नाही. एखाद्याची दुर्दशा सांगायची तर आपण म्हणतो, ‘कुत्रे हाल खात नाही’. वाईट मरणाला आपण कुत्र्याचे मरण म्हणतो, आणि न सुधारणाऱ्या माणसाला त्याच्या शेपटाची उपमा देतो. पण भाषेने जे नाकारले ते धर्माने आणि लोककथेने पदरात घेतले आहे. पैनगंगा ओलांडली की माहूरगड; यवतमाळ जिल्ह्यातून तेथे जाणाऱ्या भाविकांना काही तोटा नाही. त्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात, आणि जाणते लोक त्यांना चार वेद म्हणतात. जेजुरीच्या खंडोबापाशी कुत्रा आहे, भैरवापाशी आहे. जुन्या रीतीच्या घरात जेवणापूर्वी गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही घास बाजूला निघत असे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने वाघापासून धन्याचा जीव वाचवला, अशी कथा तेथे सांगतात.

आपल्या जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी या भागांतले तांडे सर्वांच्या परिचयाचे आहेत. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून लमाण देशोदेशी हिंडत, तेव्हा रात्रीच्या मुक्कामावर राखण करणारा कुत्राच असे. एका बंजाऱ्याने आपला इमानी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला, ही कथा भारतभर अनेक ठिकाणी सांगितली जाते. कुत्र्याने सावकाराची चोरी पकडून दिली. सावकाराने खूश होऊन कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला सोडून दिले. बंजाऱ्याला वाटले, कुत्रा इमान सोडून पळून आला; रागाच्या भरात त्याने त्याला मारले आणि चिठ्ठी मागाहून वाचली. छत्तीसगडातील बालोद जिल्ह्यात खपरी येथे याच कथेशी जोडलेले कुकुरदेवाचे मंदिर आजही आहे. ज्या समाजाने कुत्र्याला शिवीत बसवले त्याच समाजाने त्याचे देऊळही बांधले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण या साऱ्यांत म्हातारपणाशी सर्वांत जवळचे उदाहरण महाभारतातले. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांपैकी एकेक जण वाटेत पडत गेला, द्रौपदीही गेली. शेवटी युधिष्ठिराबरोबर चालत राहिला तो एक कुत्रा. त्याला बाहेर ठेवून स्वर्गात चल, असे इंद्राने सांगितले, तेव्हा धर्मराजाने स्वर्गच नाकारला. सारे आप्त गळून पडल्यावर जो सोबत चालतो त्याला टाकायचे नाही, हा त्या कथेचा अर्थ आहे. आणि आजच्या विषयाचे दोन्ही भाग त्यात आले आहेत : कुत्रा म्हाताऱ्याला काय देतो, आणि म्हातारा कुत्र्याचे काय देणे लागतो.

कथांवरून आता खानेसुमारीकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांच्या घरात होती. महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण त्या वेळी शेकडा ९.९ होते. राज्याचे हेच प्रमाण जिल्ह्याला लावून पाहिले तर अडीच लाखांहून अधिक माणसे वृद्धांत मोडतात. आयुर्मान वाढले आणि कुटुंबे लहान झाली, त्यामुळे हा आकडा पुढे वाढणारच. शिकलेला मुलगा नागपूरला, पुण्याला किंवा त्याहून दूर जातो. कापसाच्या शेतीवर दोन पिढ्यांचा निर्वाह होत नाही, तेव्हा त्याने जाऊ नये असे कोण म्हणेल? मागे राहतात ते दोघे, आणि काही वर्षांनी दोघांतले एक. पूर्वी गावात म्हाताऱ्याला काम असे. नातवंडांना सांभाळणे, वावरात जागल करणे, लग्ने जुळवणे, भांडणे मिटवणे. आज पैसा पूर्वीपेक्षा थोडा बरा असेल, औषधही मिळत असेल. पण आपल्यावाचून कोणाचे अडते ही भावना उरत नाही. वार्धक्यातले मोठे दुखणे हेच आहे, आणि ते कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

यवतमाळच्या शेतकऱ्याला कुत्र्याचा व्यावहारिक उपयोग निराळा शिकवावा लागत नाही. पऱ्हाटीत, तुरीत, हरभऱ्यात रानडुकरे आणि रोही शिरतात. जागलीला गेलेल्या माणसाबरोबर कुत्रा असला की रात्र अर्धी होते. म्हाताऱ्याचे कान मंद झाले, डोळ्यांत मोतीबिंदू आला, तरी कुत्र्याचे कान शाबूत असतात. दाराशी कोण आले, अंगणात काय सरपटले, हे तो आधी सांगतो. मात्र आपल्याकडे हा कुत्रा बहुतेक ‘दारचा’ असतो. तो घराचा असतो, पण घरातला नसतो. गेल्या चार-पाच दशकांत वैद्यकाने जे संशोधन केले आहे ते घरातल्या, माणसाच्या पायाशी बसणाऱ्या कुत्र्याबद्दलचे आहे. त्याचे म्हणणे काय आहे ते पाहू.

या संशोधनाला लोकांच्या नजरेत आणणारा एक अभ्यास अमेरिकेत १९८० साली प्रसिद्ध झाला. हृदयविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या ९२ रुग्णांची एका वर्षानंतर विचारपूस करण्यात आली. ज्यांच्या घरी पाळीव प्राणी नव्हता अशा ३९ जणांपैकी ११ दगावले होते. ज्यांच्या घरी तो होता अशा ५३ जणांपैकी फक्त ३. आकडे लहान होते, पण डॉक्टरांचे कान टवकारले गेले. पुढे १९९५ मध्ये ३६९ हृदयरुग्णांवरच्या दुसऱ्या अभ्यासातही कुत्रा पाळणाऱ्यांत वर्षभरातील मृत्यू कमी आढळले. मांजर पाळणाऱ्यांत तसा लाभ दिसला नाही. याहून कितीतरी मोठा अभ्यास स्वीडनचा. त्या देशात २००१ पासून प्रत्येक कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे कुत्रा कोणाकडे आहे हे सरकारी दप्तरात सापडते. चाळीस ते ऐंशी वयाच्या सुमारे ३४ लाख लोकांची बारा वर्षांची नोंद तपासून २०१७ साली निष्कर्ष मांडण्यात आला. एकटे राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता त्यांच्यात मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्या एकट्या लोकांपेक्षा शेकडा ३३ ने कमी होता. कुटुंबात राहणाऱ्यांच्या बाबतीत हा फरक बराच लहान होता. म्हणजे कुत्र्याचा उपयोग सर्वांत अधिक कोणाला, तर ज्याला दुसरे कोणी नाही त्याला.

हे ऐकताच उद्या सकाळी पिल्लू आणायला निघावे, असे कोणाला वाटेल. त्याने जरा थांबावे. समजा आपण असे मोजले की पहाटे काकडआरतीला जाणारे सत्तरीतले लोक न जाणाऱ्यांपेक्षा अधिक वर्षे जगतात. तर काकडआरतीने आयुष्य वाढले असे म्हणायचे, की ज्यांचे पाय शाबूत आहेत तेच पहाटे देवळापर्यंत पोहोचतात असे म्हणायचे? कुत्र्याच्या बाबतीतही हीच अडचण आहे. ज्याच्या अंगात बळ आहे, गाठीला चार पैसे आहेत आणि घरापुढे अंगण आहे, तोच म्हातारपणी कुत्रा पाळतो. तेव्हा आधी प्रकृती आणि मग कुत्रा, की आधी कुत्रा आणि मग प्रकृती, याचा उलगडा नुसत्या नोंदींवरून पुरता होत नाही. ऑस्ट्रेलियात साठ ते चौसष्ट वयाच्या अडीच हजार लोकांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत पाळीव प्राण्यांचा प्रकृतीला काही लाभ आढळला नाही, उलट प्राणी पाळणाऱ्यांत खिन्नतेची लक्षणे थोडी अधिक दिसली. म्हणूनच अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली तोलून मत दिले : कुत्रा पाळल्याने हृदयविकाराचा धोका कमी होत असावा, असे मानण्यास जागा आहे, परंतु तेवढ्याच हेतूने कोणी कुत्रा आणू नये.

मग लाभाची वाट तरी कोणती? ती चार अंगांनी उलगडून पाहिली तर समजते.

पहिले अंग पायांचे. म्हातारपणी रोज चालावे, हे डॉक्टर सांगतो, मुलगा सांगतो, वर्तमानपत्रही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आठवड्याला दीडशे मिनिटे तरी मध्यम श्रमाची हालचाल हवी. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. पण सल्ल्याने माणूस चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी आभाळ येते आणि सहाव्या दिवशी गुडघा दुखतो. कुत्रा सल्ला देत नाही. तो दाराशी जाऊन उभा राहतो. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील तीन हजारांहून अधिक वयस्क लोकांच्या अंगावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून पाहणी झाली. २०१७ साली तिचा निष्कर्ष छापून आला तो मजेदार आहे. कुत्र्याला नेमाने फिरवणारी माणसे थंडी-पावसाच्या वाईटात वाईट दिवशी जितकी हालचाल करत, तितकी कुत्रा नसलेली माणसे उन्हाळ्यातल्या छान उजेडी दिवशीही करत नव्हती. ज्याने कुत्रा पाळला पण फिरवला नाही त्याला मात्र हा लाभ नाही. जपानात पासष्ट ते चौऱ्याऐंशी वयाच्या अकरा हजारांहून अधिक लोकांचा चार वर्षे मागोवा घेतला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात कुत्रा पाळणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा ४० च्या आसपास कमी होते. पण तो फायदा प्रामुख्याने ज्यांना व्यायामाची सवय होती आणि ज्यांचे माणसांत येणेजाणे होते त्यांच्यातच आढळला. साखळीने खांबाला बांधलेला कुत्रा धन्याचे आयुष्य वाढवत नाही, कुत्र्याचे तर नाहीच.

दुसरे अंग दिनक्रमाचे. निवृत्त माणसाच्या दिवसाला कडा नसतात. उठले काय आणि लोळले काय, विचारणारे कोणी नसते. एकट्या बाईचे तर असे होते की ‘माझ्या एकटीसाठी चूल कशाला पेटवू’ म्हणून ती सकाळच्या चहावर दुपार काढते. कुत्रा असला की त्याच्यासाठी भाकर टाकावी लागते, आणि त्याची टाकली की स्वतःचीही टाकली जाते. त्याला सहाला बाहेर न्यावे लागते, म्हणून साडेपाचला उठणे आले. ठरल्या वेळी उठणे, ठरल्या वेळी जेवणे, ठरल्या वेळी औषध घेणे यांवर म्हाताऱ्याच्या मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे किती अवलंबून असते, हे येथे बसलेल्या वैद्यांना सांगायला नको.

तिसरे अंग स्पर्शाचे. आपल्या समाजात वृद्धांना नमस्कार करतात, पण त्यांच्याजवळ कोणी बसत नाही. जोडीदार गेल्यावर कित्येक महिने ज्यांच्या अंगाला कोणाचा मायेचा हात लागलेला नाही अशी माणसे प्रत्येक आळीत आहेत. ओळखीच्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवताना माणसाचा रक्तदाब थोडा उतरतो, हे मोजून पाहिलेले आहे. जपानी शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवून दिले की कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांकडे टक लावून पाहू लागले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचा स्राव वाढतो. आई आणि तान्हे मूल यांच्यात माया जुळवणारा स्राव तो हाच. लांडग्यांबरोबर असे घडत नाही. तेव्हा ‘तो माझ्याकडे बघतो तेव्हा बरे वाटते’ असे एखादी आजी म्हणाली, तर तो तिचा भाबडेपणा समजू नये.

चौथे अंग माणसांचे, आणि ते बहुधा सर्वांत महत्त्वाचे. इंग्लंडमधील दोन मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एकच माणूस कधी कुत्र्यासह आणि कधी कुत्र्याविना रस्त्यात, दुकानात, बाजारात हिंडला, आणि किती जण आपण होऊन त्याच्याशी बोलतात ते मोजले. कुत्रा बरोबर असताना बोलणारे कितीतरी वाढले. कपडे नीटनेटके असोत की गबाळे, फरक पडला नाही. याचे कारण उघड आहे. अनोळखी म्हाताऱ्याला ‘कसे आहात’ म्हणायला माणूस संकोचतो, पण ‘याचे नाव काय हो’ म्हणायला कोणी संकोचत नाही. दत्त चौकापासून आर्णी रस्त्यापर्यंत रोज एकाच वेळी एक काठी आणि एक कुत्रा दिसू लागला, की महिनाभरात चहावाला, पेपरवाला आणि शाळेत जाणारी चार पोरे यांच्या ओळखी होतात. आणि एके दिवशी ती काठी दिसली नाही की कोणीतरी दारात येऊन विचारपूस करते. एकट्या वृद्धाच्या सुरक्षिततेला याहून चांगली तजवीज आम्हांस तरी ठाऊक नाही.

लाभ सांगितला; आता हिशेबाची दुसरी बाजू. ती झाकून ठेवणे श्रोत्यांशी प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला धोका पडण्याचा. अमेरिकेत साखळी धरून कुत्रा फिरवताना हाड मोडलेल्या पासष्टीपुढील लोकांची संख्या २००४ साली अंदाजे १,६७१ होती. २०१७ साली ती ४,३९६ झाली. त्यांत तीन-चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या. म्हातारपणी मोडलेला खुबा म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात घडले त्यांना विचारा. म्हणून साखळी हाताला गुंडाळू नये, ओढणारे दांडगे जनावर घेऊ नये आणि तोल जात असेल तर कुत्र्याला दुसऱ्या कोणी फिरवावे.

दुसरा धोका पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचा, म्हणजे रेबीजचा. हा रोग एकदा लक्षणांनी प्रकट झाला की जवळजवळ कोणी वाचत नाही. पण वेळेवर उपाय केल्यास तो पूर्ण टळतो. जुन्या पिढीतील मंडळींना पोटातली चौदा इंजेक्शने आठवत असतील. मेंढीच्या मेंदूपासून होणारी ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात, चार किंवा पाच वेळा, ठरलेल्या दिवशी नवी लस देतात, आणि सरकारी रुग्णालयांत ती मिळते. कुत्रा चावला वा त्याच्या नखाने ओरखडा आला, तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना यांपैकी काही लावू नये. मंत्राच्या नादी लागू नये. लगेच डॉक्टर गाठावा. जखम खोल असेल तर तिच्यात निराळे औषधही भरावे लागते. कुत्रा घरचा आहे, टोचलेला आहे, म्हणून स्वस्थ बसू नये. डॉक्टरांनी उपाय सुरू करावा आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. आणि मुळात पाळलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर व पुढे दरवर्षी ही लस टोचलीच पाहिजे. जो हे करणार नाही त्याने कुत्रा पाळू नये. शेजाऱ्याच्या पोराचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क कोणालाही नाही.

तिसरी गोष्ट आपल्या हवामानाची. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. बर्फाळ मुलुखातली केसाळ कुत्री किंवा चपट्या नाकाची, घोरणारी कुत्री शोभेसाठी येथे आणणे ही क्रूरता आहे. मुधोळ आणि कारवानी ही आपल्या दख्खनची उमदी कुत्री. पण ती धावण्यासाठी जन्मलेली आहेत, सत्तरीच्या गृहस्थाला ती झेपणार नाहीत. येथे सर्वांत उपयोगी आपले गावठी कुत्रे. ते ऊन सोसते, थोड्यात भागवते आणि अनेक जातिवंत कुत्र्यांपेक्षा काटक असते. चैत्र-वैशाखात त्याला सूर्य वर येण्यापूर्वी आणि दिवेलागणीनंतरच बाहेर न्यावे. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून पाहावी. आपल्याला पाच-सात सेकंद धरवत नसेल तर त्याचे तळवेही पोळतील. पाण्याचे भांडे सावलीत हवे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा यवतमाळ शहराने पाण्याची काय दशा भोगली ते आपण विसरलेलो नाही. अशा दिवसांतही त्याच्या वाटणीचे पाणी काढून ठेवावे लागते, हे आधीच ध्यानात घ्यावे.

नुसत्या भाकरीवर कुत्र्याचे पोषण होत नाही. भाकर किंवा भाताबरोबर अंडे, मांसाचा तुकडा किंवा दही द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला विषासारखे. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात. नातवंडे लाडाने जे भरवतात त्यावर आजोबांचे लक्ष असावे. गोचीड आणि जंत यांचा बंदोबस्त पशुवैद्याच्या सल्ल्याने करावा. जंगलाच्या कडेला, टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी कुत्रा रात्री उघड्यावर ठेवू नये. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाद्यात वजनाने शेकडा ३९ वाटा कुत्र्यांचा निघाला. अंगणातला कुत्रा बिबट्याला दाराशी बोलावतो.

चौथी गोष्ट घरातल्या घरात बोलायची आहे. पुष्कळदा असे होते की कुत्रा आणतात सासरे आणि त्याच्या मागची घाण काढते सून. म्हाताऱ्याला सोबत मिळाली आणि सुनेच्या कामात एकाची भर पडली, तर त्या घराचे स्वास्थ्य वाढले नाही, केवळ एकीकडचे दुसरीकडे सरकले. कुत्रा ज्याचा, त्याने त्याचे करावे. जितके स्वतःच्या हाताने होईल तितकेच जनावर पाळावे. एका घराला झेपत नसेल तर दोन शेजाऱ्यांनी मिळून एक सांभाळावा. सकाळी एकाने फिरवावा, संध्याकाळी दुसऱ्याने.

आणि शेवटची गोष्ट, जी बोलायला कोणाला आवडत नाही. कुत्र्याचे आयुष्य दहा ते चौदा वर्षांचे. सत्तराव्या वर्षी पिल्लू आणले तर त्याच्या म्हातारपणी धनी ब्याऐंशीचा असेल, किंवा नसेल. धनी गेल्यावर त्याच्या दारात पडून राहिलेली, मग चौकात हाकलली गेलेली कुत्री आपण पाहतो. म्हणून वृद्धाने पिल्लू आणू नये. चार-पाच वर्षांचा, स्वभाव कळलेला, टोचलेला कुत्रा घ्यावा. पिल्लाच्या धावपळीपेक्षा तो शांतही असतो. आणि आणण्यापूर्वी मुलाशी, शेजाऱ्याशी किंवा भाच्याशी स्पष्ट बोलून ठेवावे की माझ्यामागे हा तुझ्याकडे येईल. वावराची आणि घराची वाटणी आपण लिहून ठेवतो. त्यात या जिवाची एक ओळ घालायला हरकत नाही. उलटही घडते. कुत्रा आधी जातो, आणि एकट्या माणसाला ते दुःख घरातले माणूस गेल्याइतके होते. त्या वेळी ‘कुत्राच तर होता’ असे म्हणणाऱ्याने गप्प राहिलेले बरे.

यात समाजाचेही काही देणे आहे. वृद्धाने रस्त्यावर कुत्रा न्यायचा तर रस्ता भटक्या टोळ्यांच्या ताब्यात असून चालत नाही. भारतात भटक्या कुत्र्यांची संख्या २०१९ च्या पशुगणनेत दीड कोटीच्या वर निघाली. त्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करण्याची जबाबदारी २०२३ च्या केंद्रीय नियमांनी नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांच्यावर टाकली आहे. ती पार पडते की नाही, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे. प्रत्येक वॉर्डातील पाच-दहा निवृत्त मंडळी एकत्र आली, आपल्या आळीतल्या कुत्र्यांची यादी केली आणि लसीकरणाच्या दिवशी ती पकडून देण्यास हात लावला, तर घरात कुत्रा न पाळताही त्यांना कुत्र्याकडून मिळणारे बरेच काही मिळेल. चालणे होईल, माणसे भेटतील, आणि आपल्यावाचून काही अडते ही भावना परत येईल.

कुत्र्याच्या उपयोगाचे मर्म याच भावनेत आहे. म्हाताऱ्याला प्रेम मिळावे असे आपण नेहमी म्हणतो. त्याला प्रेम करायला काहीतरी असावे, हे आपल्या ध्यानात येत नाही. घेणारा होऊन बसण्यात माणूस लवकर थकतो. कोणाला तरी आपल्या हातून घास हवा आहे, आपण गेलो नाही तर कोणीतरी दाराकडे पाहत बसेल, एवढ्यावर माणूस आणखी काही वर्षे काठी टेकत उभा राहतो.

मात्र परगावी असलेल्या चिरंजीवांना एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. वडिलांना कुत्रा आणून दिला, आता त्यांना सोबत झाली, असे म्हणून फोन कमी केला किंवा दिवाळीची खेप चुकवली, तर त्या कुत्र्याने जे दिले त्याहून अधिक तुम्ही काढून घेतले. कुत्रा माणसाच्या सोबतीत भर घालतो. मुलाची, सुनेची, शेजाऱ्याची जागा तो भरू शकत नाही, आणि ती भरण्याचे ओझे त्याच्या पाठीवर टाकणे योग्यही नाही. धर्मराजाबरोबर कुत्रा शेवटपर्यंत चालला हे खरे. पण त्या वाटेने निघताना चौघे भाऊ आणि द्रौपदी त्याच्यासोबत होती, हे कोणी विसरू नये.